सासऱ्यांच्या गच्चीवरच्या पोपटांच्या जोड्या कोणाला द्याव्यात? (नागपूर)

अनुराधा_महाल

नमस्कार मंडळी. पक्षी पाळणारे, पाळणं सोडलेले आणि पाळण्याच्या विरोधात असलेले, सगळ्यांनीच बोला.

महालातलं आमचं जुनं घर पाडून तिथे नवी इमारत होते आहे, आणि आम्ही बेसा भागात फ्लॅटमध्ये चाललोय. सासऱ्यांनी (आम्ही बाबा म्हणतो) निवृत्तीनंतर गच्चीवर टिनाच्या शेडखाली पोपट पाळले. आता गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही. दाणापाणी, ट्रे धुणं, दुपारी गोणपाट ओलं करून सोडणं, सगळं मी आणि मुलगा करतो. तीन जोड्या उरल्या आहेत. कॉकटीलची एक : नर करडा, पिवळ्या तोंडाचा, मादी ल्युटिनो (पिवळट पांढऱ्या रंगाची). पीच-फेस लव्हबर्डची एक. आणि सन कोन्युरची एक. त्यांच्या पायात बंद रिंगा (पिल्लू असतानाच घातलेल्या, वर्ष-नंबर असलेल्या) आहेत, डीएनएची (नर-मादी तपासणीची) कार्डंही बाबांच्या फायलीत सापडली. तिन्ही जोड्या चालू आहेत, म्हणजे अंडी-पिल्लं देतात. कॉकटीलच्या घरट्याच्या बॉक्समध्ये सध्या तीन पिल्लं आहेत, पिसं फुटून राहिलीत.

एका ग्रुपवर फोटो टाकला आणि फोन सुरू झाले. "प्रूव्हन आहे का?" (म्हणजे आधी पिल्लं काढलेली) "वर्षाला किती क्लच देते?" (क्लच म्हणजे एका वेळची अंडी) "मादी एकटी देता का?" एक गृहस्थ घरीच आले. मोबाइलची बॅटरी लावून बॉक्समध्ये डोकावले, पिल्लं मोजली आणि तिथल्या तिथे भाव बोलले. पक्षी खातात काय, कधी आजारी पडले होते का, कशाला बिचकतात, याबद्दल अवाक्षर नाही. ते गेल्यावर बाबा खाटेवरून म्हणाले, "ह्याला पोपट नको, गिरणी पाहिजे."

तर प्रश्न असे. जोडी फोडून दिली तर चालते का? पैसे घ्यावेत की फुकट द्यावी? सन कोन्युरला कागद लागतो म्हणतात, तो कोणता? आणि माणूस कसा पारखायचा? ऊन तापायच्या आत उरकायचं आहे. मे महिन्यात त्या टिनाखाली काय होतं हे नागपूरकरांना सांगायला नको.

सीताबर्डीकर

कोन्युर फ्लॅटवर न्यायचा विचार चुकूनही करू नका. सकाळी ती जोडी एकदा ओरडली की सोसायटीची पहिली सभा तुमच्याच नावानं भरेल. बाकी जाणकार येतीलच, मी बसलो चिवडा घेऊन.

मनमौजी

एवढा विचार कशाला? सेमिनरी हिल्सवर न्या, पिंजऱ्याचं दार उघडा, मोकळे करा बिचाऱ्यांना.

पशुवैद्य_विदर्भ

मनमौजी, कृपा करून हे कोणी करू नका. पिंजऱ्यात जन्मलेल्या कॉकटीलला शिक्रा (शिकारी पक्षी) म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. वाटीबाहेरचा दाणा शोधायचा असतो हेही त्याला कोणी शिकवलेलं नाही. सुटलेला पक्षी दमून जवळच्या तारेवर बसतो आणि कावळे त्याला घेरतात. आणि समजा जगलाच, तर तेही चांगलं नाही. परदेशी पोपट इथल्या राघूंशी ढोलीसाठी भांडणार, सोबत आजार देणार. उलटं उदाहरण डोळ्यांसमोर आहे : आपल्याकडचे साधे हिरवे पोपट लंडनमध्ये सुटले, आज तिथे त्यांचे थवे आहेत.

अनुराधाताई, जोडी फोडू नका. ही तिन्ही जातींची पाखरं एकदा जोडीदार धरला की त्याच्याच मानेची पिसं विंचरतात, झोपतात त्याच्याच शेजारी. वेगळं केलं की काही पक्षी खाणं कमी करतात, काही स्वतःची पिसं उपटायला लागतात. ज्यांना 'मादी एकटी' हवी असते त्यांच्याकडे नर आधीच असतो, आणि तो तिला आवडेलच असं नाही. लव्हबर्डची मादी तर नको असलेल्या नराची बोटं चावून काढते. अपवाद एकच : जोडीत रक्त निघेपर्यंत मारामारी होत असेल तर.

कॉकटीलना आत्ता अजिबात हलवू नका. पिल्लं साधारण पाचव्या आठवड्यात बॉक्सबाहेर येतात, पण बाहेर आली म्हणजे सुटी झाली असं नसतं. आईबाप, त्यातही बाप, पुढे बरेच दिवस भरवत राहतो. आठ ते दहा आठवड्यांचं पिल्लू स्वतः दाणा फोडून खातं आणि त्याचं वजन टिकतं, तेव्हाच ते वेगळं करायचं. मधेच जागा बदलली तर पालक पिल्लांना भरवणं सोडू शकतात. "हँडफीडला देता का" म्हणून फोन येतील, त्यांना सरळ नाही म्हणा. सिरिंजनं भरवताना खाणं जास्त गरम असलं तर पिल्लाची अन्नाची पिशवी आतून भाजते, श्वासनळीत गेलं तर पिल्लू हातातच जातं. अशी पिल्लं आमच्या टेबलावर येतात तेव्हा फारसं काही उरलेलं नसतं.

बाकी दोन जोड्यांचे बॉक्स मात्र आजच काढा. आधी आत अंडी नाहीत ना तेवढं बघून घ्या.

अनुराधा_महाल

कोन्युरच्या बॉक्समध्ये अंडी नाहीत. लव्हबर्डची मादी मात्र कामाला लागली आहे. बाबांचा जुना पेपर तळाला घालतो, त्याच्या काठाला चोचीनं एकसारखी भोकं पाडत जाते, पट्टी सुटली की ती पाठीच्या खालच्या पिसांत खोचते आणि तशीच बॉक्समध्ये घुसते. निम्म्या पट्ट्या वाटेत पडतात, पुन्हा पहिल्यापासून. बॉक्स काढायला मुलगा तयारच नाही.

पशुवैद्य_विदर्भ

मग अंडी घालायच्या आत काढा. पेपरही काढा, तळाला जाळी राहू द्या. अंधारा कोपरा, मडकं, नारळाची करवंटी, काहीच नको. पिंजऱ्यातल्या काठ्यांची जागा बदला. संध्याकाळी लवकर झाका, बारा तासांहून थोडा जास्त अंधार मिळू द्या. उकडलेलं अंडं, मोड आलेले मूग, मक्याचं कणीस हे रोजचं सॉफ्ट फूड काही दिवस कमी करा. समुद्रफेस (कॅल्शियमसाठी कुरतडायला देतात तो) मात्र राहू द्या.

यामागचं कारण समजलं की सोपं होतं. कॉकटील, बजरी (छोटे बजरीगर पोपट) हे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातले पक्षी. पाऊस पडला, गवताला दाणे धरले की तिथे विणीचा हंगाम. आपण बाराही महिने ओलं, सकस खाणं आणि तयार घर देतो, म्हणजे त्यांच्या हिशेबानं पाऊस थांबतच नाही. मादी अंड्यांवर अंडी घालत राहते, हाडांतलं कॅल्शियम संपत जातं आणि एक दिवस अंडं अडकतं. पिसं फुलवून तळाला बसलेली, शेपटी वरखाली हलवत जोर लावणारी मादी दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका. उबेत ठेवून त्याच तासाला डॉक्टर गाठा.

अंडी घातलीच असतील तर ती उचलून फेकू नका, ती भरून काढायला मादी पुन्हा घालते. त्याच आकाराची प्लास्टिकची अंडी ठेवायची, कंटाळून ती स्वतःच उठते.

पिंजरेवाला

वयनी, राम राम. पक्षी करनं हा माह्या धंदा हाय, लपवत नाही. वरचे डॉक्टरसाहेब बरोबर सांगून राह्यले. मी दुसरी गोष्ट सांगतो.

हे लोकं 'प्रूव्हन हाय का' काहून इचारतात? कारन नवीन जोडी जमवाले, वयात याले टाइम लागते. कोन्युर तर दोन-दोन, तीन-तीन साल काही करत नाही. आयती चालू जोडी भेटली का दुसऱ्या मयन्यात पिल्लं, असा त्याइचा हिसाब. पन जोडीची जागा बदलली का ते बसते. नवा पिंजरा, नवा आवाज, नवा मानूस. कधी सा मयने अंडं देत नाही, कधी साल जाते. मंग हा म्हन्ते मले फसवलं, अन् जोडी तिसऱ्याले इकते. तिसरा चवथ्याले. दर वेळेस जाहिरातीत तेच, प्रूव्हन पेअर. म्या अशा जोड्या पाह्यल्या, पायाची रिंग वाचली तं वर्स जुनं, अन् इकनारा म्हनते तीन सालाची हाय. तुमी जोडी देऊन राह्यले म्हंजे पह्यल्या मानसाले नाही, त्या चवथ्याले देऊन राह्यले, हे ध्यानात ठेवा.

म्हनून मानूस पारखाचा असन तं एकच सवाल करा : "हे जोडीनं आता कधीच अंडं देल्लं नाही तं काय करसान?" जवाब लगेच समजते.

अन् फुकट देऊ नोका. फुकट घेनारा सकाळी नेते, संध्याकाळी इकते.

चिमणीताई

पिंजरेवाले भाऊ, तुमचा प्रश्न आवडला, पण तो तुमच्या धंद्यातल्या किती लोकांना विचारता? मुळात ज्या पक्ष्याला दिवसभर उडायचं असतं त्याला तीन फुटांच्या जाळीत ठेवायचं, पिल्लं काढायची, विकायची आणि वर जबाबदारीच्या गोष्टी करायच्या. अनुराधाताईंवर रोख नाही, त्यांच्या गळ्यात हे आलेलं आहे. पण माझं मत विचाराल तर कोणत्याही ब्रीडरला जोडी देऊ नये. तो कितीही चांगला असला तरी.

पिंजरेवाला

ताई, रागाऊ नोका. माह्याकडं या, पाहा. दोन क्लच, फार तं तीन, मंग बॉक्स खाली उतरोतो म्या, जोडीले मोठ्या पिंजऱ्यात सोडतो. उन्हाळ्यात तं बॉक्स लावतच नाही, पंचेचाळीस डिग्रीत बॉक्सच्या आत पिल्लं शिजतीन. ज्याले पक्ष्यातलं काही समजत नाही अशा हौशी मानसापेक्षा ब्रीडर बरा, असं माह्यं म्हननं हाय. हौशी मानूस मुलाच्या वाढदिवसाले नेते, परीक्षा आली का बाल्कनीत टाकून देते.

चिमणीताई

दोन्ही वाईट असू शकतात, एवढंच म्हणते.

कागदोपत्री

वाद चालू द्या, मी कायद्याचं सांगून मोकळा होतो. जरा लांब आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्या दुरुस्तीनं अनुसूची चार नव्यानं आली. साइटिस या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या जाती त्यात आहेत, म्हणजे परदेशी पाळीव पोपटांपैकी जवळपास सगळे. अशी जात बाळगणाऱ्यानं नोंदणी करायची. कशी करायची त्याचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला निघाले. अर्ज परिवेश २.० या केंद्र सरकारच्या पोर्टलवर. ज्यांच्याकडे आधीपासून पक्षी होते त्यांना सहा महिने दिले होते. त्यानंतर ज्याच्या ताब्यात पक्षी येईल त्यानं ३० दिवसांत करायची. पक्षी दुसऱ्याला दिला, पिल्लू झालं, पक्षी मेला, हे सगळं कळवावं लागतं.

आता गंमत अशी की साइटिसच्या यादीत सगळे पोपट आहेत, फक्त चार जाती सोडून. बजरी, कॉकटील, पीच-फेस लव्हबर्ड आणि आपला साधा हिरवा राघू. म्हणजे ताई, तुमच्या कॉकटीलला आणि लव्हबर्डला ही नोंदणी लागत नाही. सन कोन्युरला लागते, तो परिशिष्ट दोनमध्ये आहे. आणि हो, लव्हबर्ड पीच-फेसच आहेत ना हे पक्कं करा. डोळ्याभोवती पांढरं जाड कडं असलेला फिशर असेल तर तोही परिशिष्ट दोनमध्ये.

राघूला सूट मिळाली असं मात्र समजू नका. तो साइटिसमधून बाहेर आहे, पण भारतातला आहे म्हणून आपल्या कायद्यानं थेट संरक्षित. तो पाळणं, विकणं, विकत घेणं, सगळाच गुन्हा.

क्रम लक्षात ठेवा : आधी तुमच्या घरच्या नावावर नोंदणी, मग हस्तांतरण. "घेणाराच करून घेईल" म्हणणाऱ्याच्या हातात जोडी देऊ नका.

अनुराधा_महाल

खूप खूप धन्यवाद. डोळ्याभोवती कडं नाही, चेहरा गुलाबी-नारिंगी, म्हणजे पीच-फेसच. बाबांच्या फायलीत २०२० ची एक पावती आहे, पोर्टलवर माहिती भरल्याची. ती चालेल का?

कागदोपत्री

ती त्या वेळच्या ऐच्छिक घोषणा योजनेची. जून २०२० मध्ये मंत्रालयानं काढली होती, सहा महिन्यांत स्वतःहून सांगा, कागद मागणार नाही अशी. पावती जपून ठेवा, पक्षी कधीपासून तुमच्याकडे आहेत याचा तो चांगला पुरावा आहे. पण तेवढ्यावर थांबू नका, नव्या नियमांखालची नोंदणी वेगळी. मुदत उलटली म्हणून गप्प बसण्यापेक्षा लेखी विचारा. राज्यातल्या इतर शहरांपेक्षा आपलं बरं आहे, मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात. रिंग नंबर, डीएनए कार्ड, फोटो आणि बाबांचं ओळखपत्र सोबत न्या.

नवखा_पक्षीप्रेमी

धागा हायजॅक करत नाही, पण माझ्या काकांकडे आफ्रिकन ग्रेची जोडी आहे आणि ते दुबईला चालले. त्यांनाही हेच नियम?

कागदोपत्री

त्याहून कडक. ग्रे २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत परिशिष्ट दोनमधून एकमध्ये गेला. परिशिष्ट एकमधल्या जातीची पैदास करायची तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. म्हणजे ग्रेची 'ब्रीडिंग जोडी' म्हणून जो मागेल त्याला आधी परवाना दाखवायला सांगा. दाखवला नाही तर बोलणं तिथंच संपलं. आणि काकांना म्हणावं, ग्रे चाळीस-पन्नास वर्षं सहज जगतो, तेव्हा घेणाऱ्याचं वयही विचारा.

टिटवी

अनुराधाताई, मला कॉकटील हवे आहेत. थांबा, फोनच्या आधी इथेच सगळं सांगते म्हणजे लोकांना तपासता येईल.

त्रिमूर्तीनगरला राहते, शाळेत शिकवते. घरी आधीचा एक म्हातारा कॉकटील आहे. जोडी आली तर आधी निदान महिना-सव्वा महिना वेगळ्या खोलीत ठेवणार, दाणापाण्याची भांडी वेगळी, हात धुऊन मग दुसऱ्याकडे. बॉक्स लावणार नाही. रात्री मंद दिवा असतो, कारण कॉकटील अंधारात दचकून पंख आपटतात. घरात नॉन-स्टिक तवा नाही, तो जास्त तापला की त्याच्या धुरानं पक्षी मिनिटांत मरतात हे वाचल्यापासून काढून टाकला. पिल्लं मोठी होईपर्यंत थांबायला तयार आहे.

माझे प्रश्न : मादीचं वय किती? आतापर्यंत कितीदा अंडी घातली, कधी अडकलं होतं का? जोडी आपसात भावंडं तर नाही? ल्युटिनोच्या तुऱ्यामागे टक्कल आहे का? आणि समुद्रफेस खाते का नुसतीच आपटते?

अनुराधा_महाल

वा, पहिला फोन जिथे पक्ष्याबद्दल विचारलं! (फोन नाही, पण तरी.) मादी चार वर्षांची, रिंगेवर वर्ष आहे. नर दुसऱ्या घरातून आणलेला, तेव्हा भावंडं नाहीत. तुऱ्यामागे टक्कल आहे, बाबा म्हणतात ल्युटिनोत ते पिढीजात असतं. अंडं कधी अडकलं नाही. समुद्रफेस कुरतडते, पण अर्धा खाली पाडते.

पशुवैद्य_विदर्भ

टक्कल पिढीजात, बरोबर. म्हणून दोन ल्युटिनोंची जोडी लावत नाहीत. तुमचा नर करडा आहे हे बरंच.

टिटवीताई, वेगळं ठेवण्याचं चांगलं लिहिलंत. त्यात एवढं जोडा : पहिल्याच आठवड्यात विष्ठेची तपासणी करून घ्या. चोच आणि पिसं खराब करणारा विषाणूचा आजार असतो, त्यावर औषध नाही, आणि वरून ठणठणीत दिसणारा पक्षीही तो पसरवू शकतो. पोपटांचा आणखी एक जिवाणूचा ताप माणसाला होतो. घरात कोणाला नवा पक्षी आल्यावर ताप-खोकला रेंगाळला तर डॉक्टरांना "घरी पोपट आहे" हे आठवणीनं सांगा, नाहीतर त्यांना संशय येत नाही.

विदर्भकन्या_पुणे

कोन्युर मला चालतील. कागद सगळे करते. पण मी पुण्यात. ट्रॅव्हल्सवाल्याकडे देता का, रात्रीची बस सकाळी पोचते.

पिंजरेवाला

डिक्कीत? बिलकुल नाही. ह्या धंद्यात पक्षी असेच जातात अन् असेच मरतात. पाह्यजे असन तं सोता गाडी घेऊन या.

विदर्भकन्या_पुणे

अहो, पाठवता येतात असं ऐकलं होतं म्हणून विचारलं. होळीला माहेरी येणारच आहे, कारनं. तेव्हा बघायला येऊ का?

अनुराधा_महाल

नक्की या. पण नोंदणी होईपर्यंत नुसतं बघायला. आवाजही ऐकून घ्या, तो फोटोत येत नाही.

हिंगणा_रोड

माझ्या आत्याकडे पिंजऱ्यात दोन राघू आहेत, पारडीच्या बाजारातून आणलेले. वरचं वाचून घाबरलो. द्यायचे कोणाला?

कागदोपत्री

कोणालाही नाही. विकायचे नाहीत, फुकट द्यायचे नाहीत, स्वतः सोडायचेही नाहीत. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा, किंवा सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (वन्यप्राण्यांवर उपचार करणारं केंद्र) विचारा. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात असलेल्या राघूच्या पंखांत ताकद नसते. कोणाला उडवायचं आणि कोणाला नाही हे तिथले लोक बघून ठरवतात. आत्याबाईंना सांगा, स्वतःहून कळवणं केव्हाही बरं.

सीताबर्डीकर

चिवडा संपला पण धागा संपेना. पैशांचं काय ठरलं मग? माझी सूचना : अनामत घ्या. तीन महिन्यांनी पक्षी दाखवा, पैसे परत न्या.

चिमणीताई

घरमालक-भाडेकरू करता का त्यांचं! पण कल्पना वाईट नाही हो.

पिंजरेवाला

अनामतीनं भांडनं होतात. पिंजऱ्याची किंमत घ्या सरळ, पक्ष्याची नोका घेऊ. चांगल्या पिंजऱ्याले पैसे देल्ले का मानूस थोडा तरी इचार करते. अन् एका कागदावर लिहून घ्या : कोनाकडून कोनाकडं, रिंग नंबर, तारीख, अन् 'ठेवनं जमलं नाही तं आधी तुमाले इचारीन'. त्या कागदानं कोर्टात काही होत नाही, म्हाइत हाय. पन ज्याले लगेच इकाचं असते तो सही कराले कानकून करते. तेवढ्यासाठीच तो कागद.

टिटवी

जाहिरातीतलं 'चालू जोडी', 'प्रूव्हन', पिल्लांचा फोटो, हे सगळं काढा. 'सोबत राहणारे दोन कॉकटील, घर हवं आहे' एवढंच ठेवा. अर्धे फोन आपोआप बंद होतील.

पिंजरेवाला

हे मले पटलं नाही. लपवाचं कायले? नवा मानूस जोडी नेईन, कोपऱ्यात खोका दिसला का मादी अंडी देईन, तो घाबरून जाईन. मंग कोनालेही देऊन टाकीन.

पशुवैद्य_विदर्भ

दोघांचंही घ्या. जाहिरातीत नको. पण जो माणूस पसंत पडला त्याला सगळं सांगायचं : वय, किती वेळा अंडी, शेवटची कधी, पिसं गाळतात कधी. मादीचं शरीर किती झिजलं आहे हे त्यावरूनच कळतं. ही माहिती भाव ठरवायला नाही, पुढच्या डॉक्टरसाठी आहे.

अनुराधा_महाल

सगळ्यांचं वाचून, बाबांना मोठ्यानं वाचून दाखवून (पिंजरेवाले भाऊंचं दोनदा वाचायला लावलं) असं ठरलं आहे.

जुनी जाहिरात काढली. नवी फक्त कोन्युरसाठी : "सन कोन्युर, दोन, एकत्रच द्यायचे. डीएनए झालेले, बंद रिंग. नोंदणीनंतरच मिळतील. आवाज मोठा आहे, फ्लॅटवाल्यांनी आधी येऊन ऐकावा. पक्ष्यांचे पैसे नाहीत, पिंजऱ्याचे आहेत. घर बघायला आम्ही येऊ." यावर आतापर्यंत एकच फोन आला, आणि त्यानंही रिंग नंबरचं वर्षच विचारलं. विदर्भकन्या येऊन जाईपर्यंत कोणाला शब्द देत नाही. बाबांनी वनभवनात द्यायचा अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहायला घेतला आहे, टाइप करू देत नाहीत.

कॉकटील टिटवीताईंकडे, पिल्लं दाणे फोडायला लागल्यावर. पिल्लांचं नंतर बघू, पण बजरी-कॉकटील पाळलेल्या घरातच, आणि एकेकटं नाही.

लव्हबर्ड आम्ही ठेवतोय. बाबांची अट आहे. बॉक्स काढला, पेपर काढला, तर मादीनं कॅलेंडरचं पान पिंजऱ्याच्या जाळीतून आत ओढून घेतलं. कॅलेंडर दुसऱ्या भिंतीवर गेलं आहे. डॉक्टर, फ्लॅटच्या बाल्कनीत चालतील ना?

पशुवैद्य_विदर्भ

चालतील, पूर्वेची किंवा उत्तरेची बाल्कनी असेल तर. दुपारच्या उन्हाची नको. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको, पण कूलरच्या खोलीत ठेवायला हरकत नाही. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून लांब धरून बसले तर त्यांना ऊन लागतंय असं समजा आणि लगेच आत घ्या. मांजर आणि कावळ्यांसाठी बाहेरून दुसरी बारीक जाळी लावा, लव्हबर्डची बोटं पहिल्या जाळीबाहेर येतात.

टिटवी

ताई, कॉकटीलचा पिंजरा किती मोठा आहे? माझ्याकडे स्कूटर आहे. आणि वाटेत पाणी कसं द्यायचं?

पशुवैद्य_विदर्भ

पिंजऱ्यातून नेऊच नका, वाटेत आपटतात. छोट्या हवेशीर डब्यात किंवा कॅरियरमध्ये, खाली खडबडीत कापड, वरून सुती पंचा, दोघं एकत्र. पाण्याची वाटी सांडते, त्याऐवजी काकडीची फोड ठेवा. सकाळी सातच्या आत निघा.

अनुराधा_महाल

पिंजरा चार फुटी आहे, स्कूटरवर येणार नाही. पक्षी तुम्ही रिक्षानं न्या, पिंजरा आमचा मुलगा त्याच्या मित्राच्या टेम्पोतून आदल्या दिवशी आणून देईल. जागा मोजून ठेवा, आणि आमचा पिंजरा जिन्यातून वळत नाही असं बाबांचं म्हणणं आहे, तेव्हा जिन्याचीही रुंदी कळवा.